आधी खोट, मग बांबू

माझ्या लिखाणावर आजवर ज्यांनी मत दिलं त्यांत दोन प्राध्यापक, एका दिवाळी अंकाचे संपादक आणि माझे वडील आहेत. चौघांनीही मजकूर वाचून मत दिलं. ज्यांचं मत मी आजही मानते ते भाऊ मात्र माझं लिखाण कधी वाचत नसत. ते ऐकत, आणि ऐकताना श्वास रोखून धरत. यात कौतुकाचा भाग नव्हता. श्वास संपला की ते उजवा हात वर करायचे, आणि हात जिथं वर झाला तिथून पुढचं सगळं मला खोडावं लागायचं.

भाऊंना दम्याचा त्रास होता. दमेकरी माणसाच्या हाती संपादन दिलं की मजकूर किती आटोपशीर होतो, हे मी धानोऱ्याला शिकले.

त्यांना सगळेच भाऊ म्हणत. आमच्या भागात भाऊ न म्हटले जाणारे पुरुष फार थोडे, त्यामुळे यातून त्यांच्याविषयी काही कळत नाही. कळण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी तीस वर्षं लाकडाच्या सरकारी डेपोत लिलाव पुकारले होते. ओंडक्यांच्या रांगेतून चालायचं, एकेका लॉटसमोर थांबायचं आणि मागं उभ्या असलेल्या व्यापाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं: झाड कोणतं, नग किती, लांबी किती, गोलाई किती, खोट काय. हे सगळं एका श्वासात. मधे श्वास घेतला की तेवढ्यात कुणीतरी शेजाऱ्याशी बोलायला लागतो आणि लॉट मेला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. उरलेलं अर्धं एका सागवानी ओंडक्याखाली गेलं होतं. त्या ओंडक्याची लांबी आणि गोलाई त्यांना पाठ होती. बोटाची नव्हती.

मी चंद्रपूरची. मराठीत एम.ए. केलं, कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि या दोन्हींचा एकत्र उपयोग होईल अशी जगातली बहुधा एकमेव नोकरी मला धानोऱ्यात मिळाली. आसपासच्या काही ग्रामसभांनी मिळून एक संघ काढला होता. जंगलातला बांबू, हिरडा, डिंक ठेकेदाराला तो म्हणेल त्या दरानं न देता ऑनलाइन लिलावानं विकायचा, हा त्यांचा बेत होता. मजकूर लिहायला आणि वेबसाइटवर चढवायला मी. भाऊंचं गाव त्या ग्रामसभांपैकीच एक. ठेकेदाराला माल द्यायचा नाही, हे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं त्यांनीच म्हटलं होतं. त्यांना संघात कुठलंही पद नव्हतं. ऑफिसच्या दारापाशी एक प्लास्टिकची खुर्ची होती, ती त्यांची होती.

वेबसाइटचं उद्घाटन मी रुजू झाले त्याच आठवड्यात झालं. वेबसाइटची फीत कशी कापायची, हा प्रश्न आमच्यापुढं होता. तो फीत कॉम्प्युटरच्या पडद्याला गुंडाळून सोडवण्यात आला. नारळ कीबोर्डपासून हातभर अंतरावर फोडला. पाणी उडालंच. त्यानंतर कित्येक दिवस ‘ळ’ दाबला की दोनदा उमटत असे.

पहिला लिलाव बांबूचा. पान उघडलं की आधी एक स्वागतगीत वाजे. मग हलणारा झेंडा. मग नऊ मान्यवरांचे फोटो, मानानुसार लावलेले. हा क्रम ठरवायला एक पूर्ण बैठक लागली होती. मग फीत कापतानाचा फोटो, ज्यात सगळे होते, फक्त बांबू नव्हता. मग माझा मजकूर. आणि अगदी तळाशी, नगांचा आणि लांबीचा तक्ता, तोही टाइप केलेला नव्हे. सहीशिक्क्याच्या कागदाचा किंचित तिरपा फोटो.

माझ्या मजकुराची पहिली ओळ मला अजून पाठ आहे, कारण तिच्यामुळं मला बरंच ऐकावं लागलं. ‘घनदाट वनराईच्या कुशीत, वनवासी बांधवांच्या घामावर पोसलेलं हे हिरवं सोनं आज आपल्या दारी येत आहे.’ एम.ए.ला शिकलेले सगळे अलंकार मी एका बांबूवर खर्च केले होते. मी ते ऑफिसात वाचून दाखवलं. संघाच्या अध्यक्षांनी मान डोलावली. दारातल्या खुर्चीतून भाऊ म्हणाले, “बाई, बांबू विकून राह्यल्या का बांबूचं लगन लावून राह्यल्या?”

लिलावाची मुदत संपली तेव्हा एकही बोली आली नव्हती. मी ओळखीच्या एका व्यापाऱ्याला फोन केला. तो बांबू पाहायला जंगलातल्या आमच्या डेपोत जाऊन आला होता आणि तिथूनच बोली लावणार होता.

“मॅडम, मी तयारच होतो ना,” तो म्हणाला. “पान उघडलं. पयले गाणं अटकलं. मंग पयल्या सायबाचा फोटो वरून खाली उतरून राह्यला होता. गळ्यापर्यंत आला अन् रेंज गेली. अर्धा घंटा मी सायबाचं तोंड पाहून राह्यलो. मंग घरी आलो.”

हे मी बैठकीत शब्दशः सांगितलं. पहिले साहेब म्हणजे अध्यक्षच होते.

आता बांबूची गोष्ट अशी की तो वाट पाहत नाही. तोडून उघड्यावर रचून ठेवला की त्याला घूण लागते. थप्पीजवळ गेलं की खाली पिवळसर पिठाची बारीक रेघ दिसते आणि कान दिला तर आतून करकर ऐकू येते. आमच्या डेपोतल्या एका थप्पीखाली ती रेघ दिसू लागली होती. जुना ठेकेदार रोज येऊन ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागला. तो कुणाला काही म्हणत नसे. फक्त येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, “घाई नाई भाऊ. मी आहोच.”

बांबू भाऊंच्या गावचा होता; तिथल्या ग्रामसभेनं ठरवलं की आणखी एकदा लिलाव करायचा. तोही फसला तर माल ठेकेदाराला द्यायचा, आणि ही ऑनलाइनची भानगड कायमची बंद. ठराव वाचून झाल्यावर एकानं भाऊंकडं पाहून म्हटलं, “तुमच्या सांगण्यावरून बांबू सडून राह्यला.” तीस वर्षं भाऊंनी दुसऱ्याचं लाकूड विकून दिलं होतं. हा त्यांच्या गावाचा पहिला माल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात आले तेव्हा त्यांनी प्लास्टिकची खुर्ची दारातून उचलून माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवली.

“वाचा,” ते म्हणाले, आणि श्वास धरला.

मी ‘घनदाट वनराईच्या’पर्यंत पोचले आणि हात वर झाला.

सकाळभर हे चाललं. वनराई गेली, घाम गेला, सोनं गेलं. दुपारी मी वैतागून विचारलं, “मग लिहू काय?”

“गिऱ्हाइकाच्या डोक्यात पाच गोष्टी रायतात. किती, केवढे, कसे, खोट काय, अन् गाडी कुठवर येते. पाचाचे जबाब द्या. सहावी गोष्ट त्याले नाई पायजे. तुम्हाले पायजे.”

ही कसोटी मी त्यानंतर अनेक पुस्तकांना मनातल्या मनात लावून पाहिली आहे. फार थोडी टिकतात.

फोटोंचं प्रकरण अवघड होतं. नऊ मान्यवरांपैकी कुणाचाही फोटो पानावरून काढून टाकायला कुणी तयार नव्हतं, कारण काढणाऱ्याचं नाव विचारलं गेलं असतं. वेबसाइट बनवून देणारे सल्लागार नागपूरहून फोनवर म्हणाले की फोटो लहान करू. लहान करणं हाही अपमानच ठरला असता. शेवटी भाऊंनी तोडगा काढला. पानाच्या तळाशी एकच शब्द ठेवायचा, ‘मान्यवर’. तो दाबला की नऊच्या नऊ फोटो, पूर्ण आकारात, गाण्यासकट, वेगळ्या पानावर.

“ज्याले पाह्यचं त्याले दाबू द्या,” ते अध्यक्षांना म्हणाले. “आता तुमच्या फोटोखाली बांबू येणार नाई. अख्खं पान तुमचं.”

अध्यक्षांना हे पटलं. वेगळं पान ही बढतीच होती. ते पान कुणी किती वेळा उघडलं याची नोंद माझ्याकडं असते. ते अधूनमधून उघडलं जातं, दर वेळी एकाच फोनवरून.

आता प्रत्येक लॉटला एकच फोटो. त्यातही भाऊंची एक अट होती. बांबूच्या कापलेल्या तोंडांवर ते आपला उजवा पंजा ठेवत आणि मला फोटो काढायला लावत. लिहिलेली जाडी कुणी मानत नाही, म्हणत, पण हात सगळ्यांना कळतो. अर्ध्या बोटाचा तो पंजा जुने व्यापारी ओळखत. तीस वर्षं त्यांनी तो हात ओंडक्यांवर पडताना पाहिला होता. फोटो मी कॉम्प्युटरवर इतका हलका करत असे की आकाशाचा निळा थोडा मळकट दिसे. भाऊंना त्याची हरकत नव्हती. आकाश आपण विकत नाही, एवढंच ते म्हणाले.

मग परीक्षा. माझ्या मते पान ऑफिसात उघडलं म्हणजे झालं. भाऊंनी मला स्कूटी काढायला लावली. ते मागं बसले, आणि आम्ही जंगलातल्या डेपोत गेलो, जिथं रेंज तालुक्यात सर्वांत वाईट आहे. “गिऱ्हाईक बांबू इथी पायते. बोलीही इथूनच लावते,” ते म्हणाले. “ऑफिसात उघडून काय फायदा? ऑफिसात कोण बांबू घेते?”

वेळ मोजायची त्यांची पद्धत निराळी होती. आमच्याकडं सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. डॉक्टरांनी भाऊंचा खर्रा बंद केला होता. त्यांनी सुपारी सोडली, तंबाखू सोडली, पण घोटणं सोडलं नाही. खिशात एक रिकामी पन्नी असे. फोनवर पान दाबायचं, रिकामी पन्नी तळहातावर ठेवायची आणि घोटायला लागायचं. गिऱ्हाइकाचा खर्रा घोटून तोंडात जायच्या आत पान उघडलं पाहिजे, कारण त्यानंतर तो थुंकायला बाजूला जातो आणि परत येत नाही.

पहिल्या खेपेला पन्नी घोटून घोटून गरम झाली. मी ऑफिसात परत येऊन फोटो आणखी हलके केले, तक्ता टाइप केला, रंगीत पार्श्वभूमी काढली. दुसऱ्या खेपेला एक अख्खा खर्रा. तिसऱ्या खेपेला भाऊंनी अंगठा दोनचारदा फिरवला, आणि फोनवर त्यांचाच पंजा दिसू लागला. ते बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले.

“आला,” ते म्हणाले. खूश झाल्यावर ते याहून जास्त बोलत नसत.

खरा वाद लॉट नंबर एकवरून झाला. घूण लागलेली थप्पी भाऊंनी पहिल्या नंबरला लावली होती, आणि फोटोत त्यांचा पंजा नेमका खालच्या पिठाच्या रेघेशेजारी होता. अध्यक्ष ते पाहून उभे राहिले.

“भाऊ, हे काय? आपणच आपली बदनामी करून राह्यलो? ही थप्पी बाकीच्यात मिसळून टाका ना.”

“नाई.”

“काऊन नाई? कोणाले समजणार हाय?”

भाऊंनी खुर्ची त्यांच्याकडं वळवली, दोनदा धाप टाकली आणि एक गोष्ट सांगितली. सरकारी डेपोत एकदा एक मोठा सागवानी ओंडका आला. वरून देखणा, आतून पोकळ. डेपोच्या साहेबांनी सांगितलं, पोकळ म्हणून पुकारू नको. भाऊंनी पुकारलं नाही. तो लॉट एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं घेतला. करवतीखाली गेल्यावर त्याला कळलं. पण त्यानं तक्रार केली नाही की भांडण केलं नाही. पुढच्या लिलावाला तो आला आणि भाऊंच्या अगदी समोर उभा राहिला. भाऊंनी पहिला लॉट पुकारला. म्हातारा शांतपणे म्हणाला, “पोकळ आहे का?” दुसरा लॉट. “पोकळ आहे का?” तो हंगामभर येत राहिला आणि हेच विचारत राहिला. काही दिवसांनी त्याच्या शेजारचा विचारायला लागला. मग सगळेच.

“त्या साली मी घसा फाडून पुकारलं,” भाऊ म्हणाले, “अन् माह्या पुकाराले कोणी बोली लावली नाई. सगळे पयले ओंडक्याले कान लावून पायत. एका ओंडक्यानं माहा आवाज खाल्ला. हा बांबू मिसळला, तर तुमची वेबसाइट जाईन. घूण बांबूले लागली हाय, तिले नका लावू.”

अध्यक्ष बसले. मग त्यांनी विचारलं, “अन् कोणीच नाई घेतला तर?”

“तर मी उद्यापासून ठेकेदाराच्या टपरीवर बसतो. त्याच्या शेजारी.”

लॉट नंबर एकचा मजकूर मी लिहिला, आणि भाऊंचा हात वर न होता पूर्ण वाचून झालेला तो पहिला मजकूर होता. ‘घूण लागली आहे. एक हंगाम टिकेल, दुसरा नाही. नग तीनशे, लांबी वीस फूट, जाडी फोटोत. ट्रक थप्पीपर्यंत येतो.’

लिलावाच्या दिवशी सकाळी ऑफिसात बरीच गर्दी होती आणि सगळे माझ्या पडद्याकडं पाहत होते. पडद्यावर बोली आली की आकडा हलतो, एवढंच घडतं. बराच वेळ तेही घडलं नाही. टपरीवर ठेकेदार दुसरा चहा घेत होता. भाऊंनी रिकामी पन्नी काढली आणि घोटायला लागले.

पहिला आकडा हलला तो लॉट एकचा.

कुणाला पटेना. अध्यक्ष म्हणाले, चुकून दाबलं असेल. तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. मुलचेऱ्याकडच्या, निर्वासितांनी वसवलेल्या एका बंगाली गावातला भाजीवाला शेतकरी होता. मराठी, हिंदी आणि बंगाली यांचं एक स्वच्छ मिश्रण तो बोलत होता.

“दादा, एक नंबर मी घेतो. एक सीझन पक्का टिकेगा ना? मला पटोलच्या मांडवाला पाहिजे.” पटोल म्हणजे परवर, मांडवावर चढणारी वेलभाजी. “मांडव एकच सीझन ठेवतो मी. चांगला बांबू मातीत घालून काय करणार? इतके साल शोधतो, खराब आहे असं कुणी लिहीतच नाही. सगळ्यांचा बांबू एकदम फर्स्ट क्लास.”

“एक हंगाम पक्का,” भाऊ फोनवर म्हणाले. “दुसऱ्याले मले फोन करजो नको.”

लॉट एकवर आकडा आला हे बाकीच्यांना दिसत होतंच. ज्यांनी घूण लागलेलं आधी सांगितलं त्यांच्या बाकीच्या थप्प्या खऱ्या असणार, असा हिशेब बहुधा त्यांनी केला. दुसरा लॉट हलला. मग चौथा, मग तिसरा. आमच्या त्या साहेबांच्या तोंडाकडं अर्धा तास पाहत बसलेल्या व्यापाऱ्यानं दोन लॉट घेतले, डेपोतूनच. दुपारनंतर पाचव्या लॉटवर एक बोली आली आणि नाव पाहून मी खिडकीबाहेर डोकावले. टपरीवर जुना ठेकेदार चष्मा कपाळावर चढवून फोनवर अंगठा फिरवत होता. पान उघडायला त्याला काही अडचण आली नसावी. भाऊंना सांगितलं तेव्हा ते उठले, दारापर्यंत गेले आणि त्याला म्हणाले, “घाई नाई भाऊ. आमी आहोच.”

संध्याकाळपर्यंत एकही थप्पी उरली नाही. ज्यानं ग्रामसभेत बांबू सडतो म्हणून बोलून दाखवलं होतं, त्यानं भाऊंसाठी चहा आणला आणि टेबलावर ठेवला. भाऊंनी तो घेतला. मग खुर्ची उचलून पुन्हा दारात नेऊन ठेवली.

पुढच्या हंगामात गावानं बांबू योग्य वेळी तोडला आणि काही दिवस नाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवला. त्यामुळं घूण लागली नाही. सगळ्या थप्प्या कोरड्या, खणखणीत. भाऊंचा श्वास मात्र तोवर आणखी आखूड झाला होता, आणि माझी वाक्यंही. एके सकाळी मुलचेऱ्याहून फोन आला.

“दादा, साइट पाहून राह्यलो. खराब वाला कुठं आहे?”

भाऊंनी त्याला सांगितलं की यंदा खराब नाही. तो खिन्नपणे म्हणाला, “ठीक आहे. पण मग आधी सांगायचं होतं.”

भाऊंच्या पद्धतीत लॉट नंबर एक ही खोट सांगायची जागा होती, आणि यंदा ती रिकामी होती. एक माणूस तिथं येऊन परत गेला होता. मी म्हटलं, ती जागा काढून टाकू, दुसरा लॉट पहिला करू. त्यांनी मान हलवली आणि मला लिहायला सांगितलं. त्यांनी सांगितलं ते मी लेखी मराठीत टाइप केलं आणि नेहमीप्रमाणं मोठ्यानं वाचलं. ‘लॉट एक. खोट यंदा नाही. मांडववाल्यांनी वाट पाहू नये.’

मी थांबले आणि त्यांच्याकडं पाहिलं. भाऊंनी श्वास धरलेला होता. अर्ध्या बोटाचा हात गुडघ्यावर होता, आणि तो तिथंच राहिला.